खिडकीतील कुंडीबाग (बेळगाव सीमाभाग)

स्वयंपाकाला आणि काढ्याला लागणारी ताजी पाने खिडकीच्या कट्ट्यावर, गॅलरीत किंवा ओट्याजवळच्या उजेडात कुंड्यांमध्ये पिकवण्याची पद्धत. कोथिंबीर, पुदिना, मेथी, पानओवा, सब्जा, तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता ही तिच्यातली नेहमीची झाडे. कर्नाटकातील बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात ही बाग मुख्यतः शहरी घरांत दिसते. खेड्यात तिची गरज अजून तरी कमी आहे.

जुन्या घरांत तिची गरज नव्हतीच. न्हाणीचे पाणी मागच्या परड्यात जाई. त्यावर अळू, केळ आणि कढीपत्ता पोसले जात, गवती चहाचा ठोंब कुंपणाशी असे आणि तुळस दारात वृंदावनात. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीत घरांवर मजले चढले, वाटण्या झाल्या, सदनिका आल्या आणि परडी गेली. फोडणीच्या वेळी हात बाहेर काढून चार पाने तोडायची सवय मात्र राहिली. कुंडीबाग ही त्या सवयीची सोय आहे. पैसे वाचवायचे म्हणून तिच्याकडे वळणाऱ्याची निराशा होते, कारण बेळगावच्या शिवारातला भाजीपाला रोज चोर्ला घाटाने गोव्याला जातो आणि ज्या गावातून तो जातो तिथे कोथिंबिरीची जुडी सहसा महाग नसते. भर पावसात शेतातली कोथिंबीर सडते आणि भाव चढतो, तेवढे दिवस सोडले तर.

ऊन आणि खिडकी

या विषयावरची बरीचशी छापील माहिती थंड देशांतून आलेली आहे. तिकडे बर्फ पडतो म्हणून झाडे घरात घेतात आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवतात. हा सल्ला बेळगावात जसाच्या तसा पाळला तर निम्मे वर्ष तो चुकतो. शहर सुमारे १५.९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या ८ तारखेच्या आसपासपर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या बाजूनेच फिरतो. या तीन महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन अजिबात शिरत नाही. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मिळते ते उत्तरेच्या खिडकीला. डिसेंबरात याच्या उलट. तेव्हा सूर्य दुपारीही क्षितिजापासून ५१ अंशांच्या वर जात नाही आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येते. पूर्वेची खिडकी बाराही महिने चालते, म्हणून नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. पश्चिमेचे ऊन मार्च-एप्रिलमध्ये कोवळी पाने करपवते.

उजेड कमी पडला की झाडाचे काय होते, हे प्रत्येक मराठी घराने पाहिलेले असते. नवरात्रात घट बसवतात, देवघरातल्या मातीत धान्य पेरतात. नऊ दिवसांत अंकूर भराभर उंच होतात, पण ते पिवळट, लांबट आणि लुळे असतात. ती वाढ दाण्यातल्या साठ्यावर झालेली असते. पानात हरितद्रव्य तयार व्हायला प्रकाश लागतो आणि देवघरात तो नसतो. फ्रिजवर किंवा टीपॉयवर ठेवलेली कोथिंबीर लांब मान काढून आडवी पडते त्याचे कारण हेच. खिडकीपासून तीन-चार फूट आत गेले की उजेड डोळ्याला पुरेसा वाटतो, झाडाला तो फार अपुरा असतो. साधी पांढरी २० वॅटची एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून १५ ते २० सेंमी. उंचीवर रोज १४ तास लावली तर पालेवर्गीय झाडांचे काम भागते. वीज रोजी पाव युनिटच्या थोडी वर जाते. जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे घ्यायची गरज नाही.

पाऊस आणि पाणी

या भागात झाडे आत घ्यावी लागतात ती पावसामुळे. बेळगाव शहरात वर्षाला १,२०० मिमी.च्या वर पाऊस पडतो, पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे त्याहून कितीतरी जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैमध्ये सूर्यदर्शन दुर्मीळ होते, हवा ओलसर राहते आणि मातीतले पाणी उडत नाही. अशा दिवसांत एप्रिलच्या सवयीने रोज तांब्याभर पाणी घालणे, हे कुंडीतली झाडे मरण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. मुळांना हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळे कुजतात, पाने पिवळी पडून माना टाकतात, आणि माना टाकल्या म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. एप्रिलमध्ये पुदिन्याला रोज पाणी लागते, जुलैत तेच चार-पाच दिवसांनी पुरते.

नुकत्याच उगवलेल्या रोपांचे बूड जमिनीलगत मऊ होऊन ती रातोरात आडवी होतात. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात. ओल्या मातीतली बुरशी याला कारणीभूत असते. बी विरळ टाकणे, वारा खेळता ठेवणे आणि जुनी माती पुन्हा पेरण्यापूर्वी कडक उन्हात वाळवणे हे त्यावरचे उपाय. पडलेले रोप वाचत नाही. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी रोज ओतून द्यावे, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते. ते कुंड्यांना चालते. बोअरचे पाणी जड असेल, विशेषतः पूर्वेकडच्या तालुक्यांत, तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. तो क्षारांचा असतो. पावसाचे पाणी बादलीत धरून महिन्यातून एकदा भरपूर ओतले आणि खालून वाहू दिले की तो धुऊन निघतो.

माती आणि कुंडी

जिल्ह्याची माती दोन तऱ्हेची. खानापूर-बेळगावकडे जांभ्या दगडाची तांबडी माती, चिकोडी-अथणी-गोकाककडे काळी. काळी माती शेताला सोने असेल, कुंडीत ती त्रास देते: भिजली की चिकट गोळा होते, वाळली की भेगा पडून पाणी कडेने सरळ खाली जाते. तांबडी माती पाण्याचा निचरा करते पण तिच्यात कस कमी. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताचे तूस हे मिश्रण बहुतेक झाडांना चालते. भाताच्या गिरणीत तूस सहज मिळते, आणि या भागात ते सोडून दुकानातले पॅकेट आणणे हा निव्वळ हौसेचा खर्च आहे. साखर कारखान्याची मळी खत म्हणून चांगली असली तरी ताजी मळी कुजताना तापते आणि मुळे भाजते, म्हणून ती काही महिने मुरलेली हवी.

खानापूर मातीच्या कामासाठी जुने प्रसिद्ध. तिथल्या बिनझिलईच्या कुंड्या सच्छिद्र असल्याने बाजूनेही ओल सोडतात, त्यामुळे पावसाळ्यात त्या प्लास्टिकपेक्षा सरस. उन्हाळ्यात त्याच गुणामुळे त्या लवकर सुकतात. तेलाचा डबा, रंगाची बादली, काहीही चालेल. बुडाला भोके हवीत.

झाडे

पहिले झाड म्हणून पानओवा लावावा. कन्नडमध्ये त्याला दोड्डपत्रे म्हणतात. शेजारच्या घरातून एक फांदी आणून मातीत खोचली की ती जगते. पाने मांसल असल्याने पाणी विसरले तरी चालते. जास्त झाले तर मात्र बूड सडते. पावसात त्याच्या पानांची भजी होतात, आणि शेजारची कन्नड गृहिणी त्याची ताक-खोबऱ्याची तंबुळीही करते.

पुदिन्याला बी लागत नाही. बाजारातल्या जुडीतल्या जाड, ताठ काड्या निवडून खालची पाने काढावीत आणि दोन पेरी पाण्यात बुडतील अशा ग्लासात ठेवाव्यात. पाणी दिवसाआड बदलले तर आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. पुदिना जमिनीलगत धुमारे काढत पसरतो, म्हणून त्याला खोल कुंडीपेक्षा पसरट टोपले बरे. काही महिन्यांनी मधला भाग उघडा पडतो. तेव्हा कडेचे धुमारे काढून नव्या मातीत लावायचे. बिर्याणीपुरता पुदिना एका टोपल्यातून निघतो.

कोथिंबीर सोपी समजली जाते, प्रत्यक्षात ती नवख्याची परीक्षा घेते. एक धणा म्हणजे एक फळ, आणि त्यात दोन बिया. लाटण्याने हलके दाबून दोन फाके वेगळे करावेत, रात्रभर भिजवावेत आणि जिथे वाढवायचे तिथेच एक सेंमी. खोल पेरावेत. रोप उपटून दुसरीकडे लावलेले तिला सोसत नाही, कारण सोटमूळ दुखावते. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि पहिल्या आठवड्यात कुंडी रिकामी पाहून पुष्कळ जण ती उकरतात. किराणा दुकानातले धणेही उगवतात, ते भाजलेले किंवा फार जुने नसले म्हणजे झाले. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा खरा हंगाम. एप्रिल-मेच्या तापात ती पानांऐवजी फुलांचा दांडा काढते आणि मग पानाला चव राहत नाही. पेरणीपासून पाच-सहा आठवड्यांनी तोडणी येते. दर पंधरवड्याला एक कुंडी पेरली तरच घरात सलग पुरते.

मेथी पावसाळ्यात लावावी. तीन दिवसांत उगवते आणि दोन आठवड्यांत कोवळी कापता येते. बियाण्यातली शिदोरी संपायच्या आत ती ताटात आलेली असते, म्हणून ढगाळ उजेडाचा तिला फारसा फटका बसत नाही. बारीक चिरलेली कच्ची मेथी, कांदा, शेंगदाण्याचे कूट आणि तेल, शेजारी ज्वारीची भाकरी, हे या भागातले नेहमीचे जेवण.

पिझ्झ्यावर जे बेसिल म्हणून मिळते ते आपल्या सब्जाच्याच जातीचे आहे. सब्जाचे बी पेरले की पाण्याने फुगून बुळबुळीत होते आणि सहज उगवते, पण पानाचा वास इटालियन वाणापेक्षा उग्र असतो. तुळशीला घरात ठेवू नये, तिला ऊन लागते. फार तर पावसाळ्यात वळचणीखाली सरकवावी. मंजिऱ्या खुडत राहिले तर पाने टिकतात. रविवारी आणि द्वादशीला पाने न तोडण्याचा रिवाज पाळल्याने झाडाचे काही बिघडत नाही.

कढीपत्ता खरे तर झाड आहे, कुंडीत तो नाइलाजाने राहतो. बारा इंची कुंडी आणि चार-पाच तास ऊन असेल तरच आणावा, आणि रोपच आणावे. बी ताजे नसेल तर उगवत नाही. थंडीत त्याची वाढ थांबते, पाने गळतात. झाड मेले समजून टाकून देऊ नये. आंबट ताक पातळ करून घालण्याची पद्धत घरोघर आहे. गवती चहालाही गॅलरीच लागते.

कीड

मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यांवर बसतात. थोडीच असेल तर ओल्या कापडाने पुसून काढावी, नाहीतर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावे. कढीपत्त्यावर लिंबू फुलपाखराच्या अळ्या येतात. त्या हाताने उचलल्या की काम झाले. निपाणी हा बिडी-तंबाखूचा मुलूख असल्याने तंबाखू भिजवलेले पाणी फवारायचा सल्ला इथे हमखास मिळतो. किडे त्याने मरतात हे खरे, पण मारणारे द्रव्य निकोटीन आहे, ते माणसालाही विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात जाते. जी पाने कच्ची खायची, त्यांवर ते मुळीच वापरू नये.

सीमाभागातील फरक

हल्याळ-जोयड्याकडची स्थिती खानापूरसारखीच आहे. कारवारला समुद्राची दमट हवा असल्याने बुरशीचा त्रास अधिक आणि कोथिंबिरीचा हंगाम आखूड. अथणी-रायबाग आणि त्यापलीकडे भालकी-बिदरकडे पाऊस कमी व उन्हाळा कडक, त्यामुळे तिथे मातीच्या कुंडीपेक्षा प्लास्टिकची कुंडी, वर पाचटाचे आच्छादन आणि दुपारी पडदा ओढणे हेच उपयोगी ठरते.