गाठ वाढली, की नुसती सुजली?

‘सूज म्हणजे बाळसं नव्हे’ असं आपण म्हणतो. कर्करोगाच्या इम्युनोथेरपीत (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध उठवणाऱ्या उपचारांत) मात्र ‘देवा, ही सूजच असू दे’ म्हणायची वेळ येते.

समजा, फुप्फुसातली गाठ आधी 40 मिलिमीटरची होती. निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधांचे तीन-चार डोस झाले, स्कॅन काढला, तर 52. किमोथेरपी चालू असती तर बहुधा लगेच औषध बदललं असतं. रूढ नियमात मोजायला घेतलेल्या गाठींच्या मापांची बेरीज 20 टक्के वाढली की रोग वाढला असं धरतात. इथे मात्र त्या वाढलेल्या 12 मिलिमीटरमध्ये भरलंय काय, हा प्रश्न उरतो.

खऱ्या वाढीत कर्कपेशी भरलेल्या असतात. खोट्या वाढीत आपल्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्यावर पीडी-1 नावाचा एक ब्रेक असतो (1992 साली तो तासुकु होंजोंच्या प्रयोगशाळेत सापडला, 2018 मध्ये त्यांना नोबेल मिळालं). गाठ तो ब्रेक दाबून धरते, औषध सोडवतं. मग रक्तातून, लसिका ग्रंथींतून टी पेशी गाठीत घुसतात. मागोमाग पाणी साचतं, मेलेल्या पेशींचा राडा होतो. आधी न दिसणारा बारीकसा ठिपकाही फुगून ‘नवी गाठ’ म्हणून रिपोर्टात येऊ शकतो. स्कॅनला आकार कळतो, आत गर्दी कोणाची ते कळत नाही. पेट (PET) स्कॅनही (यात किरणोत्सारी साखर टोचून ती कुठे जास्त खपते ते बघतात) इथे फसतो, कारण कामाला लागलेल्या टी पेशीसुद्धा भरपूर साखर खातात आणि कर्कपेशींसारख्याच चमकतात.

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर इपिलिमुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आलं (अमेरिकेत मान्यता 2011), त्याच्या चाचण्यांतच काही जणांच्या गाठी आधी वाढून मग आक्रसल्या होत्या. 2017 मध्ये इम्युनोथेरपीसाठी मोजमापाचे वेगळे नियम निघाले: पहिली वाढ ‘कच्ची’ धरायची आणि चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन. तेव्हा 34 आले तर ती सूज होती. 60 आले तर वाढ पक्की.

मधल्या काळात रिपोर्टपेक्षा माणसाकडे बघावं. जेवण जातंय, वजन टिकून आहे, जिना चढताना दम वाढलेला नाही, तर थांबायला अर्थ आहे. माणूस खंगत चालला असेल तर सूज समजून वाट पाहणं महागात पडतं. शंका फारच असली आणि सुई पोचण्यासारखी जागा असली तर बायोप्सी करतात.

‘इम्युनोथेरपीत गाठ आधी वाढतेच’ असं नातेवाईक एकमेकांना सांगताना ऐकू येतं. ते खरं नाही. खोटी वाढ बहुतेक चाचण्यांत 10 टक्क्यांहून कमी रुग्णांत दिसली आहे. स्कॅनवर वाढ दिसली तर बहुतेकदा ती वाढच असते.

शिवाय ‘खोटी’ हे नावही फसवं आहे. मेंदूत गाठ असेल तर तेवढी सूजही जड जाते, कवटीत जागाच नसते. मग स्टेरॉइड द्यावं लागतं. म्हणजे ज्या टी पेशींना एवढा खर्च करून उठवलं, त्यांनाच पुन्हा खाली बसवायचं.