दीपिकाच्या आठ तासांआधी शांता आपटेंचं उपोषण

दीपिका पदुकोण यांनी आई झाल्यावर दिवसाला आठच तास काम करण्याची अट घातल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या आणि ‘इतके कोटी घेता, मग तक्रार कसली?’ असा सूर लागला. हे भांडण जुनं आहे. जुलै १९३९ मध्ये पुण्यात प्रभात या चित्रपट कंपनीच्या फाटकावर शांता आपटे उपोषणाला बसल्या होत्या. ‘कुंकू’ चित्रपटाची गाजलेली नायिका, पण कंपनीच्या लेखी करारात बांधलेली पगारी नोकर, आणि त्या पगारालाच कात्री लागलेली. पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून त्यांनी या धंद्यातल्या पिळवणुकीबद्दल रोखठोक मांडलं. नटाचं काम म्हणजे अंगमेहनत, हे इतक्या लवकर कुणी बजावलं होतं याचा मला आजही अभिमान वाटतो.

तेव्हा प्रभात असो की मालाडची बॉम्बे टॉकीज, नट महिन्याच्या पगारावर असत. दिलीपकुमारही बॉम्बे टॉकीजमध्ये १२५० रुपये महिन्यावर रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात काळाबाजाराचा पैसा सिनेमात शिरला. नवे निर्माते एकेका चित्रपटासाठी घसघशीत रक्कम मोजू लागले, नट स्टुडिओ सोडून मोकळे झाले आणि स्टुडिओ कोसळले. चित्रपटधंद्याच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या स. का. पाटील समितीच्या १९५१ च्या अहवालात ही पडझड आणि ताऱ्यांचं वाढतं मानधन, दोन्हींची नोंद आहे.

पुढे फायनान्सर पैसे लावायचा तो ताऱ्याच्या नावावर. म्हणून निर्माता आधी साइनिंग अमाउंट देऊन त्याच्या डेट्स, म्हणजे चित्रीकरणाच्या तारखा, अडकवायचा आणि तारा एकाच वेळी ढीगभर चित्रपट घ्यायचा. सत्तरच्या दशकात सकाळची शिफ्ट एका स्टुडिओत, दुपारची दुसरीकडे, रात्रीची तिसरीकडे असं चाले. शशी कपूर यांना राज कपूर ‘टॅक्सी’ म्हणत ते यामुळेच. चित्रपट मात्र वर्षानुवर्षं रखडत.

१९९८ मध्ये सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला. पुढे बँका आणि कंपन्या आल्या, एका चित्रपटाचं सलग चित्रीकरण आलं, बडे तारे मोजके चित्रपट आणि नफ्यात वाटा घेऊ लागले.

हे सगळं वरच्या मूठभरांचं. छोट्या भूमिका करणारे आजही रोजच्या मजुरीवर काम करतात. मालिकांत तर बारा तासांची शिफ्ट सर्रास, आणि केलेल्या कामाचा चेक ९० दिवसांनी. आठ तासांची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे आणि त्यांनी तशी मागणी केली तर दुसऱ्या दिवशी बदली माणूस उभा असतो.