फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीचा प्राध्यापक सल्लागार

अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटना (फ्रॅटर्निटी) आणि विद्यार्थिनींच्या संघटना (सोरॉरिटी) असतात. त्यांच्या स्थानिक शाखेला मार्गदर्शन करणारा, त्याच संस्थेत नोकरीला असलेला प्राध्यापक किंवा कर्मचारी म्हणजे प्राध्यापक सल्लागार. हे काम बहुधा विनामोबदला असते. अनेक विद्यापीठांत सल्लागाराची सही असल्याशिवाय शाखेची नोंदणी होत नाही.

माजी सदस्यांमधून नेमलेला शाखा सल्लागार वेगळा. तो राष्ट्रीय संघटनेच्या वतीने हिशेब आणि दीक्षेसारखे विधी पाहतो; प्राध्यापक सल्लागार मात्र सदस्य असलाच पाहिजे असे नाही. त्याच्याकडून मुख्यतः अभ्यास, वसतिगृह आणि विद्यापीठाचे नियम यांबाबत मदत अपेक्षित असते.

युनियन कॉलेजात १८२५ मध्ये कॅपा अल्फा सोसायटी ही फ्रॅटर्निटी स्थापन झाली, तेव्हापासून अशा गुप्त मंडळांकडे अध्यापकवर्ग बराच काळ संशयाने पाहत होता. सगळेच नव्हे. सिरॅक्यूज येथे १८७४ मध्ये सुरू झालेल्या गॅमा फाय बीटाला ‘सोरॉरिटी’ ही संज्ञा लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी सुचवली. तोवर विद्यार्थिनींची मंडळेही फ्रॅटर्निटीच म्हणवत.

सल्लागार शोधताना विद्यार्थी बहुधा नावाजलेल्या प्राध्यापकाला मेल पाठवतात आणि नकार घेऊन परततात. ज्यांच्या वर्गात एखादा सदस्य नियमित बसतो, असे प्राध्यापक किंवा ग्रंथालय, समुपदेशन केंद्र, विद्यार्थी कल्याण विभाग यांतील कर्मचारी जास्त उपयोगी पडतात. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन शाखेची घटना (नियमावली), मागच्या सत्राची सरासरी श्रेणी, सत्राचे वेळापत्रक आणि अपेक्षित कामाची यादी समोर ठेवावी. झालेली शिस्तभंगाची कारवाई तिथेच सांगावी. ती नंतर बाहेरून कळली तर विश्वास जातो. बिंगहॅम्टन येथील आयोटा नू डेल्टा (१९९४) किंवा ह्यूस्टन येथील डेल्टा फाय ओमेगा (१९९८) यांसारख्या दक्षिण आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या संघटनांची एखाद्या विद्यापीठातील शाखा अगदी लहान असू शकते. अशा शाखेने केवळ भारतीय आडनाव पाहून प्राध्यापक गाठू नये; विद्यार्थ्यांसाठी वेळ देणारी व्यक्ती कोणत्याही वंशाची चालते.

नुसती सही देणारा सल्लागार धोक्याचा. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात फेब्रुवारी २०१७ मध्ये बीटा थीटा पायच्या नवसदस्यांना दारू पाजण्याच्या कार्यक्रमानंतर १९ वर्षांचा टिमथी पियाझा दगावला. त्या घरात विद्यापीठाचाच एक कर्मचारी निवासी सल्लागार होता. म्हणजे सल्लागार घरात राहत असला तरी तेवढ्याने रॅगिंग टळत नाही. पुढच्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया राज्याने पियाझाच्या नावाने कडक कायदा केला. डिसेंबर २०२४ मध्ये रॅगिंगविरोधी संघीय कायदाही आला. महाविद्यालयांच्या आवारातील गुन्ह्यांची नोंद जाहीर करायला लावणाऱ्या १९९० च्या क्लेरी कायद्यानुसार विद्यार्थी संघटनेच्या सल्लागाराला कानावर आलेले ठरावीक गुन्हे सहसा विद्यापीठाला कळवावे लागतात. त्यामुळे होकार देण्याआधी जाणते प्राध्यापक दोन गोष्टी विचारून घेतात: अपघात झाल्यास विद्यापीठाचा विमा आपल्याला लागू आहे का, आणि नवसदस्यांचा कार्यक्रम कागदावर पाहायला मिळेल का.