मायक्रोफ्लुइडिक चिपवर पेशींची छाननी

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे काचेवर चिकटवलेली पारदर्शक रबराची वडी, आणि तिच्या पोटात केसाएवढ्या, काही ठिकाणी त्याहूनही बारीक वाटा. त्यातनं रक्त नाहीतर पेशी मिसळलेलं द्रव सोडायचं, हव्या त्या पेशी वेगळ्या काढायच्या, धुवायच्या, फोडायच्या, सगळं त्या वडीतच.

बेळगावच्या माणसाला ही कशी करतात ते सांगायला वेळ लागत नाही. उद्यमबागेत फौंड्रीवाले साचा करून ओततात, तोच प्रकार. फक्त इथं वाळूच्या जागी सिलिकॉनची चकती, तिच्यावर वाटांचा उठाव, आणि लोखंडाच्या जागी पीडीएमएस नावाचं रबर. दहा भाग रबर, एक भाग हार्डनर, व्हॅक्यूममध्ये हवा काढायची, ७० अंशाला दोनेक तास ठेवायचं की निघाली वडी सोलून. वाळूचा साचा दरवेळी मोडावा लागतो, हा परत परत चालतो. ब्लोहोल, म्हणजे आत अडकलेल्या हवेचा पोकळ खड्डा, राहिला तर मात्र दोन्हीकडं माल रिजेक्ट! ही पद्धत १९९०च्या दशकात हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्सच्या लॅबमुळं रुळली.

एवढ्या बारीक वाटेत पाणी भोवरे घेत नाही. उसाच्या पाटात रंग ओतला तर चार पावलांत सगळं पाणी रंगतं, इथं दोन धारा शेजारी शेजारी न मिसळता जातात, कडेकडेनं थोडं झिरपतं तेवढंच. म्हणून पेशी कुठं जाणार ते आधीच ठरवता येतं. २००४ मध्ये प्रिन्स्टनच्या लोकांनी वाटेत बारीक खांबांच्या किंचित तिरक्या रांगा लावल्या, बारके कण खांबांमधनं नागमोडी निघून सरळ पुढं जातात आणि मोठे दर खांबाला आपटून एका बाजूला सरकत राहतात. खानापूरकडं भाताला वारं देताना पोल लांब उडतं आणि दाणा जवळ पडतो तसंच म्हणा, पण तिथं वजन बघतात, इथं आकार. त्यात तांबडी पेशी लबाड, व्यास ७-८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असला तरी चपटी, आडवी होऊन बारक्यांत घुसते.

दुसरी तऱ्हा थेंबांची, तेलात पाण्याचे थेंब पाडून एका थेंबात एक पेशी गाठायची. बरेच थेंब रिकामेच जातात, कारण दोन पेशी एकत्र येऊ नयेत म्हणून द्रव मुद्दाम पातळ ठेवतात.

खरा ताप वेगळाच. बुडबुडा अडकतो, गुठळी होऊन वाट तुंबते, आणि सिरिंजमध्ये पेशी तळाला बसतात, त्यामुळं आधी घट्ट आणि मग नुसतं पाणी. त्यावर सिरिंजमध्ये बारकं लोहचुंबक फिरवत ठेवतात.