होडीचा गिअर पडंना, तेव्हा

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी इतकं मागं सरतं की पैठणकडच्या काठावर कित्येक होड्या भेगाळलेल्या काळ्या रानात उघड्या पडतात. मामांची फायबरची होडीही दोन महिने अशीच उन्हात होती. पाऊस झाला, धरणात पाणी आलं, होडी लोटली. चावी फिरवताच मोटर सुरू झाली, पण लिव्हर पुढं जाईना. मामा दोन्ही हातांनी त्यावर रेलले. "गिअरच पडंना बघ. मोटर उघडावी लागती आता."

"मामा, जोर लावू नका," मी म्हटलं. "आधी अडलंय कुठं ते बघू."

चालकाच्या हाताशी असलेला हा लिव्हर दोन कामं करतो. त्याच्या पेटीतून दोन केबल मागं मोटरीकडं जातात, एक गिअरची, दुसरी थ्रॉटलची, म्हणजे रेस वाढवणारी. लिव्हर उभा असला की न्यूट्रल. पुढं लोटला की साधारण पहिल्या 30 अंशांत फक्त गिअर पडतो आणि रेस त्यानंतर वाढते. पेटीची रचनाच तशी असते, कारण मोटरीच्या पाण्यातल्या पायात मोटारगाडीसारखा नाजूक गिअरबॉक्स नसतो. तिथं एकमेकांच्या उलट फिरणारी दोन चाकं असतात, एक पुढं नेणारं, एक मागं. पंख्याच्या दांड्यावरची दातेरी कडी सरकून त्यांपैकी एकाच्या खाचांत अडकते. दोघांचा वेग जुळवून देणारं मधे काही नाही. म्हणून रेस कमी हवी आणि लिव्हर एका ठाम झटक्यात पडायला हवा. जपून, हळूहळू गिअर टाकणाऱ्या माणसाच्या मोटरीत दातांचे कोपरे झिजतात आणि पुढं जोर आला की गिअर कटकट करत सुटतो. मामांचा हात असा हळुवार नाही, त्यामुळे माझा संशय केबलवर होता.

मोटरसायकलची क्लच वायर सगळ्यांनी पाहिली आहे. नळीत सरकणारी तार ही कल्पना, 1896 साली अर्नेस्ट बोडेन यांनी इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. क्लच वायर फक्त ओढते, परत नेण्याचं काम स्प्रिंग करते. होडीच्या केबलला ओढायचंही असतं आणि ढकलायचंही, म्हणून तिच्या आतला गाभा जाड आणि ताठ असतो.

आता खुंट्याला बांधलेली म्हैस आठवा. दाव्याचा एक वेढा घेतला तर ती ओढूच शकते, तीन वेढे घेतले की दुसरं टोक लहान पोरगंही धरून ठेवतं. घर्षण वेढ्यांबरोबर बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. याचं गणित अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं मांडलं. केबलच्या वळणांनाही तेच लागू पडतं. घर्षणांक, म्हणजे घर्षण किती ते सांगणारा आकडा, 0.15 धरला तर एका पूर्ण वेढ्यानं लागणारं बळ सुमारे अडीच पट होतं, दोन वेढ्यांनी साडेसहा पट. आणि एकच वेढा असून आतलं ग्रीस वाळून घर्षणांक दुप्पट झाला, तरीही तेच साडेसहा पट! केबलच्या मोटरीकडच्या टोकाला 5 किलोचं काम असेल तर लिव्हरकडच्या टोकाला 33 किलो लागतील.

शोधायची रीत सोपी आहे, साखळी मधेच तोडायची. मोटर बंद केली, चावी काढली, चालकाच्या हाताला अडकवायच्या दोरीची क्लिपही काढली. मग गिअरची केबल मोटरीच्या टोकाला सोडवली आणि तिथला दांडा हातानं हलवला. मामांना पंखा हळू फिरवायला सांगितलं, कारण मोटर बंद असताना दात खाचेसमोर आले नाहीत तर गिअर पडत नाही. गिअर आरामात पडला. म्हणजे पाण्यातलं सगळं ठीक. मग पेटीच्या टोकालाही केबल सोडली, तर लिव्हर एका बोटानं हलला. उरली केबल.

ती शोधत बर्फाच्या पेटीमागं गेलो, तर तिथं तिचा गोल वेढा करून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेला. गेल्या वर्षी 10 फुटी हवी असताना 14 फुटी मिळाली होती आणि जास्तीची चार फूट मिस्त्रीनं गुंडाळून ठेवली होती. त्या वर्षी चाललं. उन्हानं ग्रीस वाळलं आणि टोकातून धूळ आत गेली, मग चालेना. मामा तेलाची बाटली घेऊन आलेच होते. तेल आत फार जात नाही, उलट धूळ धरून चिकट लगदा करतं. ग्रीस फक्त बाहेर दिसणाऱ्या दांड्याला लावावं. केबल जड झाली की बदलावी, आणि नवी घालताना वळणं कमीत कमी आणि वीतभर त्रिज्येपेक्षा घट्ट नकोत.

लिव्हर अडत नाही, रेस वाढते आणि होडी मात्र जागची हलत नाही, तेव्हा केबलकडं पाहण्याआधी पंखा पाहावा. जाळ्याचा दोरा किंवा जलपर्णी गुंतलेली असते, नाहीतर पंख्याच्या मधलं रबर सुटून दांडा नुसताच फिरतो. दोरा काढायचाच, कारण तो पंख्यामागचं सील कापतो आणि गिअरचं तेल दुधासारखं पांढरं होतं.

10 फुटी केबल आणली. लिव्हर आणि मोटर दोन्ही न्यूट्रलला ठेवून केबलच्या टोकाची, लांबी कमीजास्त करायची गोळी फिरवत गेलो, ती खाचेत न दाबता बसेपर्यंत. इथं मामांना पुन्हा घाई. गोळी दाबून बसवली असती तर न्यूट्रलमध्येच केबलला ओढ राहिली असती आणि एका बाजूचा गिअर अर्धवट पडला असता. नंतर थ्रॉटल पाहिला: गिअर पूर्ण पडेपर्यंत रेस हलता कामा नये. मामांनी काठाशीच तीन वेळा पुढं, तीन वेळा मागं करून पाहिलं, मग होडीत वल्हं ठेवलं आणि जाळी भरायला लागले.