अ‍ॅनिलीन : कामाच्या जागेवरचा धोका

अ‍ॅनिलीन म्हणजे बेंझीनच्या (सहा कार्बनच्या) कड्याला अमिनो गट (नायट्रोजन आणि हायड्रोजनचा) लागलेलं तेलकट द्रव, ताजं असताना बिनरंगी आणि हवा लागली की तपकिरी पडत जाणारं. फोम, रबर, रंग, औषधं बनवायला ते वापरतात.

नावाचा घोळ मात्र मोठा आहे. १८२६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ ऊनफरडोर्बेनने नीळ तापवून ते काढलं, १८३४ मध्ये रुंगेला ते कोळशाच्या डांबरात सापडलं, पुढे त्सिनिनने नायट्रोबेंझीनपासून बनवलं आणि प्रत्येकाने नाव वेगळं ठेवलं. हे सगळं एकच आहे हे हॉफमनने १८४३ च्या सुमारास दाखवलं. टिकलं ते फ्रिट्झशे या आणखी एका रसायनशास्त्रज्ञाने ठेवलेलं नाव, 'अनिल' या पोर्तुगीज शब्दावरून, जो अरबीमार्गे आपल्या 'नील'पर्यंत येतो.

धोक्याचं बोलायचं तर लोक नाकाला मास्क लावतात आणि निश्चिंत होतात, पण हे द्रव धडधाकट कातडीतूनही आत जातं, वाफसुद्धा. बुटात थोडं सांडलं, मोजा भिजला आणि शिफ्टभर तसाच पायात राहिला तर तेवढं पुरतं. यकृतात त्याचं फेनिलहायड्रॉक्सिलअमीन होतं, ते हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं रूप बदलतं आणि मेथेमोग्लोबिन तयार होतं, ज्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसतं, ओठ आणि नखं करडी-निळी पडतात, आणि घात इथेच होतो, कारण माणसाला तेव्हा बरंच वाटत असतं. डोकेदुखी, चक्कर, धाप नंतर येते, कधी कित्येक तासांनी, घरी गेल्यावर. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरवर इथे भरवसा ठेवू नये, मेथेमोग्लोबिन खूप वाढलं तरी तो ८५ टक्क्यांच्या आसपास अडकून बसतो.

कॅन्सरचा वाद जुना. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन रेन यांनी अ‍ॅनिलीनपासून फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठी नोंदवल्या आणि 'अ‍ॅनिलीन कॅन्सर' हे नाव चिकटलं. पुढे संशय रंगांच्याच कारखान्यांतल्या बीटा-नॅफ्थिलअमीन आणि बेंझिडीन या दुसऱ्या रसायनांवर गेला, १९५४ च्या ब्रिटिश पाहणीतही दोष मुख्यतः त्यांच्याकडेच आला, आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. पण म्हणून अ‍ॅनिलीन सुटलं असं नाही, आयएआरसी या जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने ते अलीकडे गट ३ ('ठरवता येत नाही') मधून काढून २ए मध्ये, म्हणजे 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलंय.

हवेतली मर्यादा ओशा या अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेच्या नियमांत ८ तासांसाठी ५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५ भाग), एसीजीआयएच या तिथल्याच तज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीत २ पीपीएम, दोन्हीकडे 'स्किन' म्हणजे कातडीतूनही आत जातं असा शेरा आहे. तो शेरा आकड्याइतकाच महत्त्वाचा, कारण मीटर २ च्या खाली दाखवत असला तरी भिजलेला हातमोजा त्याला दिसत नाही. म्हणून कामगारांच्या लघवीतलं पॅरा-अमिनोफिनॉल, म्हणजे शरीरात त्याचं जे बनतं ते, तपासतात.

अंगावर पडलं तर कपडे, बूट, घड्याळाचा पट्टा सगळं लगेच उतरवायचं, साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचं, नखांखाली आणि केसांत विसरायचं नाही, आणि बरं वाटत असलं तरी डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं. उतारा म्हणजे मिथिलीन ब्लू हे औषध, डॉक्टरांनी शिरेतून द्यायचं, वजनाच्या किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम. जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्यांना मात्र तोच त्रासदायक ठरू शकतो, तेव्हा ही तपासणी कामावर घेतानाच झालेली बरी.