पाट लावला की वावर गेलं : कादंबरीमागचा वऱ्हाड
या कादंबरीतली प्रेमकथा 1899-1900 च्या वऱ्हाडातली. नायिका तरुण विधवा, जिनिंगवरच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या) माणसात जीव गुंतलेला, अन् सासरचे म्हणतात खुशाल पाट लाव (म्हणजे विधवेनं दुसरं लग्न कर) पण वावर, म्हणजे शेत, अन् पोरगा इथंच राहीन. बरेच वाचणारे सासऱ्याला खलनायक ठरवून मोकळे होतात. पण त्याच्या पाठीशी कायदा उभा होता, तो कळला तरच तिची घालमेल पूर्ण कळते.

कापसाचं सगळ्यांना माहीतच आहे, अमेरिकेतल्या युद्धामुळं 1861 नंतर आलेली तेजी, मग रेल्वे, खामगावचा बाजार. इतकंच ध्यानात ठेवा की इंग्रजांच्या मोजणीनंतर वावर खातेदाराच्या नावावर चढलं, विकता येऊ लागलं, सावकाराकडं गहाण पडू लागलं. त्यात 1896-97 चा दुष्काळ, अन् सावरते न सावरते तोच 1899 ला पावसानं पुन्हा दगा दिला. अशा साली वावर सोडायचं म्हणजे काय ते इकडच्या कास्तकाराला सांगायला नको.

खरी भानगड 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याची. शाळेत आपण तो सुधारणा म्हणून शिकलो, अन् ती होतीच, पण ज्या जातींत विधवेचं लग्नच लागत नव्हतं त्यांच्यासाठी. कुणब्या-माळ्यांत पाट आधीपासूनच चालत होता. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात लिहून ठेवलं की बाईनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपला, जणू ती मेलीच. तिसऱ्या कलमाचा आधार घेऊन नवऱ्याकडचे लोक पोरांचा ताबा कोर्टात मागू शकत होते. मग जिला पाट लावायला या कायद्याची गरजच नव्हती तिला ही शिक्षा काऊन? उत्तरेकडच्या एका हायकोर्टानं म्हटलं अशा बाईला कलम लागू नाही, मुंबईकडच्या कोर्टानं 1890 च्या दशकात म्हटलं लागू आहे, अन् माझ्या मते हा दुसरा निकाल सरळ अन्यायाचा होता, कारण मोकळीक द्यायला आणलेला कायदा ज्या बायकांना आधीच मोकळीक होती त्यांच्यावरच उलटला. वऱ्हाडचा गुंता तर अजून वेगळा, मुलूख कागदावर निजामाचा अन् 1853 पासून कारभार इंग्रजांचा.

1956 च्या वारसा कायद्यानं विधवेला पूर्ण मालकी दिली. तरी बापाआधी वारलेल्या पोराच्या बायकोनं सासरा जिवंत असताना दुसरं लग्न केलं तर सासऱ्याच्या मालमत्तेत तिला वाटा नाही, हे कलम थेट 2005 पर्यंत टिकलं. अन् कास्तकारानं आत्महत्या केलेल्या कितीतरी घरांत आजही सातबारा सासऱ्याच्याच नावावर आहे, वावरात राबणारी सून मात्र कागदावर कुठंच नाही.